तळणीची चरबी आणि पिटची पट्टी

शनिवारी दुपारचं जेवण झाल्यावर हर्विगने ठरवलं ते एवढंच, की तळणीच्या भांड्यातली चरबी आज लगेच झाकून ठेवायची नाही. त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. पण त्याच्या आयुष्यातली मोठी संकटं नेहमी अशी स्वयंपाकघरातूनच निघाली होती.

बाहेर सकाळपासून बर्फ पडत होता, आणि उद्या गावामागच्या टेकडीवर सायक्लोक्रॉसची, म्हणजे चिखलाबर्फातून सायकल हाकायची, शर्यत होती. हर्विगची बायको ग्रीट पंचेचाळिशीवरच्या बायकांच्या गटात उतरणार होती. अशा हवेत एका सायकलीवर भागत नाही. एक चालवायची आणि दुसरी पिटमध्ये, म्हणजे वाटेकडेच्या सायकल बदलायच्या जागेत, धुऊन तयार ठेवायची. चाकांत बर्फ भरला की बाई पिटमध्ये शिरते, बरबटलेली सायकल नवऱ्याच्या अंगावर ढकलते आणि स्वच्छ सायकल घेऊन पळते. हर्विगचं हे काम लग्नापासूनचं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्याला कोणी विचारत नसे (घरी विचारत असत, पण ते बहुधा 'हे कोणी सांडलं?' असं). रविवारी दंडावर पिटमध्ये शिरू देणारी पिवळी पट्टी चढली, की मात्र हर्विग कोणीतरी होता.

आणि तीच पट्टी आता धोक्यात होती. गेल्या रविवारी त्याने घाईघाईत ग्रीटच्या हातात दुसऱ्याच बाईची सायकल दिली होती. ती बाई ग्रीटपेक्षा चांगली हातभर उंच. ग्रीटचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. (दोन्ही सायकली निळ्या होत्या, हे हर्विगचं म्हणणं अजून कोणी ऐकून घेतलेलं नाही.)

"हा शेवटचा रविवार," ग्रीटने बजावलं होतं. "उद्या काही घोळ झाला ना, तर पट्टी रेंबर्टच्या दंडावर."

रेंबर्ट म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे स्वतःचा पाण्याचा पंप होता, गुडघ्यापर्यंतचे बूट होते आणि प्रत्येक गोष्टीवर मत होतं.

तर हर्विग भांड्याकडे बघत उभा होता. बर्फ चिकटू नये म्हणून बाकीचे लोक सायकलीवर तेलाचा फवारा मारतात, हे त्याला माहीत होतं. पण तेल ते तेल. ही चरबी बघा! इतकी वर्षं बटाट्याच्या काड्या तळतो आहोत, एक तरी काडी भांड्याला चिकटली आहे? तो हसला. ग्रीट अंगण साफ करत होती तेवढ्यात त्याने ब्रश घेतला आणि दोन्ही सायकली वरपासून खालपर्यंत चोपडून काढल्या. पेडलवर तर चार हात जास्तच दिले, कारण बर्फ तिथेच जास्त भरतो.

रविवारी गाडीत बसताच ग्रीटने नाक वर केलं.

"हर्विग, तू सकाळी सकाळी काही तळलंस?"

"छे गं. कालचा वास असेल."

"मग मोप असा का करतोय?"

मोप म्हणजे त्यांचा म्हातारा कुत्रा. गेली दोन वर्षं तो जेवणापुरता उठत असे. आज तो मागच्या सीटवर उभा राहून सायकलींकडे तोंड करून गात होता.

टेकडीवर सायकली उतरवल्या आणि हर्विगने त्यांच्यावरून बोट फिरवून पाहिलं. घरी पातळ, चकचकीत दिसणारी चरबी थंडीने गोठून पांढरीफटक झाली होती.

"काय हो दाजी," रेंबर्ट पाठीमागून म्हणाला, "सायकल आहे की लग्नाचा केक? वर नवरा-नवरी बसवायची राहिली वाटतं."

"ती नवी पद्धत आहे," हर्विग म्हणाला.

"कुठली?"

"बघशीलच."

शिट्टी वाजली आणि सगळ्यांनी ते बघितलं. बुटाखालचा खटका पेडलमध्ये टक्कन अडकला पाहिजे, तरच पायाचा जोर लागतो. ग्रीटच्या पेडलमध्ये दगडासारखी चरबी बसलेली. बूट अडकेना. तो नुसता घसरत होता. बाकीच्या बायका पुढे निघून गेल्या आणि ग्रीट मागे पाय झाडत राहिली, मांडीवर मुंगळा चढावा तशी.

"हर्विग!" टेकडीच्या त्या बाजूने हाक आली. त्या एका हाकेत पुढची सगळी बोलणी होती.

हर्विग दुसऱ्या सायकलीचं पेडल नखांनी खरवडू लागला. नखं तुटली, चरबी तशीच. पंपाचं थंड पाणी मारलं, तर ती आणखी घट्ट झाली.

"दाजी, जरा कॉफी घ्या, चेहऱ्याचा रंग बघा कसा उडालाय," म्हणत रेंबर्ट थर्मास आणायला गेला. त्याने गाडीचं दार उघडलं. मोप बाहेर पडला आणि तरण्या कुत्र्यासारखा दोरीखालून थेट पिटमध्ये आला.

"मोप, हो मागे! अरे सोड!" हर्विगने पट्टा धरून ओढलं. मोप हलेना. त्याने पेडल दातांत धरलं, जिभेने आतून बाहेरून पुसलं, उलटं करून पुन्हा पुसलं. दुसरं पेडलही तसंच. हर्विगने डोळे मिटले. दंडावरची पट्टी त्याला आत्ताच सैल वाटू लागली.

ग्रीट लाल होऊन आली. सायकल फेकली, दुसरी ओढली, पाय टाकला.

टक्. टक्.

तिने एकदा हर्विगकडे पाहिलं आणि सुटली. मोप पहिल्या सायकलीकडे वळला.

त्यानंतरचं सगळं टेकडीवरच्या लोकांनी पाहिलं. बाकीच्यांच्या चाकांत बर्फाचे गड्डे बसत होते. बायका उतरून काठीने खरवडत होत्या. ग्रीटच्या सायकलीवर बर्फाचा कण ठरत नव्हता. ती येई, सायकल बदले, जाई, आणि पिटमध्ये मोप मन लावून काम करी. ग्रीट तिसरी आली. ह्याआधी ती तिसऱ्या नंबराच्या पायरीवर चढली होती, तेव्हा रेंबर्टला मिसरूडही फुटलं नव्हतं.

"चरबी, ना?" खाली उतरल्यावर तिने विचारलं.

"चरबी," हर्विग म्हणाला. "बर्फ चिकटला नाही, हे लक्षात घे."

"घेतलं. आणि पेडल कोणी साफ केली?"

हर्विगने मोपकडे बोट केलं. रेंबर्टने हात पुढे केला. "ताई, पट्टी आण इकडे."

ग्रीटने हर्विगच्या दंडावरची पट्टी सोडली. तो बर्फाकडे बघत राहिला. मग ग्रीट वाकली आणि तिने ती मोपच्या गळ्यात बांधली.

"अगं, पण त्याला धरायला माणूस लागेल," रेंबर्ट म्हणाला. "मी येतो की."

"नको. ह्यांचं एकमेकांशी पटतं." तिने पट्ट्याची दोरी हर्विगच्या हातात दिली आणि त्याच्या तुटक्या नखांवर जरा वेळ बोटं ठेवली. "आणि भांड्यात नवी चरबी भर. अर्धी तळायला, अर्धी रविवारला."

हर्विग ताठ उभा राहिला. पट्टी नसली म्हणून काय झालं, पिटमध्ये जागा तर होती! त्याने मोठ्या प्रेमाने मोपकडे पाहिलं. मोपने वर पाहिलं आणि जांभई दिली, नवा कारकून हाताखाली आल्यावर साहेब देतात तशी.