पार्किंग क्रमांक तीनमधले बांधकाम

मानवी संस्कृतीचा इतिहास हा मूलतः चाकाचा इतिहास आहे, असे गुरुदत्त चौबळ यांनी दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, हातात चहाचा कप घेऊन, सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाहीर केले. त्या वेळी त्यांच्या गाडीला एकही चाक नव्हते.

गाडी छोटी होती. दोन दारे, दोन आसने, मागे दुमडणारे कापडी छप्पर, आणि उंची इतकी बेताची की आत बसणाऱ्याला शेजारच्या रिक्षाचा सायलेन्सर बरोबर डोळ्यांसमोर यावा. तीस वर्षांपूर्वी ती स्पोर्ट्स कार म्हणून जन्माला आली होती. आता तिच्यात खेळापेक्षा खिलाडूवृत्तीच जास्त उरली होती. चौबळांनी ती गोव्याच्या एका निवृत्त दंतवैद्याकडून घेतली, ट्रकवर घालून बदलापूरला आणली आणि ‘निसर्गतारा’ सोसायटीच्या पार्किंग क्रमांक तीनमध्ये उभी केली.

चौबळ आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षे गुणनियंत्रण अधिकारी होते. निवृत्त झाले ते कारखान्यातून, गुणनियंत्रणातून नव्हे. गाडी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी भिंग घेऊन चाकांची तपासणी केली. मागच्या डाव्या रिमला केसाएवढी चीर सापडली. चारांतला एक नग नापास, म्हणजे नियमाप्रमाणे सगळा लॉट नापास. आणि नापास माल चांगल्या मालात मिसळू नये म्हणून त्याच दिवशी मोडीत काढायचा, हाही नियमच. संध्याकाळी चारही चाके भंगारवाल्याच्या हातगाडीवरून निघून गेली आणि गाडी सोळा विटांवर आली. मिसळायला दुसरा चांगला माल होताच कुठे, हे विचारणाऱ्या कुंदाताई तेव्हा भाजी आणायला गेल्या होत्या.

कुंदाताई म्हणजे सौ. चौबळ. या सगळ्या प्रकरणात त्यांची मागणी एकच होती. छप्पर उघडून बारवी धरणाच्या रस्त्याने एक फेरी. धरणाशी जायचे, शेंगा खायच्या, परत यायचे. अडचण उजव्या गुडघ्याची होती. तीन फेब्रुवारीला तो बदलायचा ठरला होता, आणि नवा गुडघा बसल्यावर इतक्या खाली वाकून बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणजे फेरी झाली तर फेब्रुवारीच्या आत, नाहीतर नाहीच.

“चार महिने आहेत,” चौबळ म्हणाले. “आणि चाकंही चारच. महिन्याला एक धरलं तरी होतंय.”

“डॉक्टरांनी माझा गुडघा तीन मिनिटांत निवडला,” कुंदाताई म्हणाल्या.

“म्हणूनच मला त्या डॉक्टरांची काळजी वाटते.”

निवड सुरू झाली. चौबळ आधी फोनवरच्या एका ग्रुपात सामील झाले. जुन्या छोट्या स्पोर्ट्स गाड्यांच्या चाहत्यांचा तो ग्रुप होता. सदस्य दोनशे बारा, पैकी गाडी असलेले अकरा. मते मात्र दोनशे एकच लोक देत, कारण अकरा जण गाडीखाली असत. तेरा इंचांपेक्षा मोठे चाक लावणे म्हणजे गाडीचा खून, असे एका गटाचे म्हणणे. तेरा इंचीच लावायचे तर बैलगाडी घ्या, असे दुसऱ्याचे. मधूनच कोणीतरी ‘ऑफसेट’ हा शब्द टाकी. चाक आसाच्या किती आत किंवा बाहेर बसते, एवढाच त्याचा अर्थ. पण तो शब्द आला की दोन दिवस कोणी कोणाला सुप्रभात म्हणत नसे.

चौबळांनी तक्ता आखला. सत्तावीस रकाने. व्यास, रुंदी, वजन, आऱ्यांची संख्या, चकाकी, धुण्याची सोय, आणि सत्ताविसावा ‘एकंदर प्रतिष्ठा’.

तक्ता घेऊन ते उल्हासनगर कॅम्प चारमध्ये होतचंदभाईंच्या दुकानी गेले. छपरापर्यंत चाके रचलेली. मधल्या फटीत होतचंदभाई.

“साईं, ओरिजिनल पाहिजे का ओरिजिनल जैसा?”

“फरक काय?”

“ओरिजिनल पुराना दिसतो. ओरिजिनल जैसा जास्त ओरिजिनल दिसतो.”

चौबळांनी तीन नमुने मागितले. होतचंदभाईंनी सहा दाखवले. चौबळांनी खिशातून वर्नियर काढून प्रत्येक चाक पाच ठिकाणी मोजले. होतचंदभाईंनी तेवढ्यात तीन गिऱ्हाइके केली, जेवण केले, आणि म्हणाले, “साईं, माझ्या मुलीच्या लग्नाला मुलगा बघितला ना, तेव्हा तुम्ही कुठे होते?”

अशा सहा वाऱ्या झाल्या. दिवाळी गेली, तुळशीचे लग्न लागले. घरी जेवताना चौबळ आऱ्यांबद्दल बोलत. पाच आऱ्यांत रुबाब आहे, आठांत समतोल आहे, बारांत धूळ आहे.

“मला बघायला आलात तेव्हा पोह्यांची बशी संपायच्या आत हो म्हणालात,” कुंदाताई म्हणाल्या.

“तेव्हा नमुना एकच होता.”

“नशीब. नाहीतर मी अजून विटांवर असते.”

डिसेंबरात सोसायटीचे पत्र आले. सचिव कमळाकर मोकाशी यांनी ते स्वहस्ते लिहून, आवक-जावक क्रमांक घालून, समोरच्याच दारातून टपालाने पाठवले होते. ‘विषय : पार्किंग क्रमांक तीनमधील वस्तूबाबत.’ आपल्या जागेत वाहन आढळत नसून एक वस्तू आढळते, तरी तिचे स्वरूप आठ दिवसांत स्पष्ट करावे.

चौबळ बैठकीला गेले.

“पार्किंग वाहनांसाठी आहे,” मोकाशी म्हणाले. “वाहन म्हणजे जे वाहून नेतं ते. तुमचं काय वाहून नेतं?”

“चाकं लावली की नेईल.”

“मग चाकं लावली की ते वाहन. आज काय आहे ते सांगा.”

अध्यक्ष प्रमोद राजे हे शांत गृहस्थ. ते इतका वेळ डोळे मिटून होते. ते उघडून म्हणाले, “विटांवर उभं आहे. दारं आहेत, खिडक्या आहेत, वर छप्पर आहे. दिवासुद्धा लागतो. यालाच आपण आजवर घर म्हणत आलोय ना?”

इतका शुद्ध तर्क त्या सभागृहाने, म्हणजे जिन्याखालच्या मोकळ्या जागेने, पूर्वी ऐकला नव्हता. ती वस्तू हे अनधिकृत बांधकाम असल्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. मतदानात चौबळांचाही हात वर गेला. आयुष्यभराची सवय, तपशील बिनचूक असला की ते सही करत. ठराव पालिकेकडे रवाना झाला.

या पत्राचा परिणाम एवढाच झाला, की चौबळांनी निवड उरकली. तेरा इंची, आठ आऱ्यांचे, ओरिजिनल जैसे. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी ते रिक्षातून चार चाके घेऊन आले, टायर चढवलेली, हवा भरलेली. गाडीपाशी एक मुलगी हातात टेप घेऊन वाकली होती. गळ्यात ओळखपत्र : चैत्राली घरत, कनिष्ठ अभियंता.

“काका, हे तुमचं का? पायाच्या विटा किती?”

“सोळा.”

“सिमेंट?”

“नाही.”

तिने लिहिले, ‘निकृष्ट’. “छप्पर पक्कं की कच्चं?”

“उघडतं.”

‘अपूर्ण.’ “स्वयंपाकघर?”

“अहो बाई, ही गाडी आहे. ही बघा चाकं. दहा मिनिटांत लावतो.”

“आता नाही लावता येणार, काका. मी नोटीस चिकटवली.” खरोखरच काचेवर नोटीस होती. “नोटीस लागल्यावर बांधकामात बदल करता येत नाही. त्यात तुम्ही तर पायाच बदलताय.”

“मग करायचं काय?”

“दोन वाटा आहेत. एक, पाडायचं. दुसरी, नियमित करून घ्यायचं. नियमितीकरण पंधरवडा चालू आहे, लगेच होईल. फक्त वापर चालू पाहिजे. कोणीतरी राहतंय असं दिसलं पाहिजे.”

चाके चौथ्या मजल्यावर, बेडरूममध्ये गेली. आणि कुंदाताई खाली, गाडीत राहायला आल्या. म्हणजे दुपारपुरत्या. शेजारच्या पुतळाबाई दुसऱ्या आसनावर येऊन बसू लागल्या. दोघी मिळून वाटाणे सोलत, टाके घालत, छप्पर उघडून केस वाळवत. पंचनाम्यात ‘सदर वास्तूत दोन स्त्रिया व सव्वा किलो वाटाणे आढळले’ अशी नोंद झाली.

“बारवीला नाही तर नाही, वारा तरी लागतो,” कुंदाताई पुतळाबाईंना म्हणाल्या. पण डोळे समोरच्या फाटकाकडे होते, आणि पाय, तोही दुखरा, ॲक्सिलरेटरवर.

पंधरवड्याच्या अखेरीस बातमी फुटली. पार्किंग क्रमांक तीनला घर क्रमांक मिळणार होता. पाण्याचा नळ मिळणार होता. आणि सोसायटीत एक मतही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंग क्रमांक सातमधली गाडी विटांवर होती. दुपारी नऊ आणि अकरा. शुक्रवारपर्यंत निसर्गतारातल्या एकोणीस गाड्यांपैकी अठरा विटांवर चढल्या; एकोणिसावी हप्त्यावर होती, तिला बँकेची परवानगी लागत होती. लोक कामाला रिक्षाने जाऊ लागले. कोणी बॉनेटवर तुळस ठेवली, कोणी डिकीला देवघर म्हटले. मोकाश्यांनी आपल्या हॅचबॅकला बाहेरून फरशी लावून घेतली आणि दारावर ‘कमळाकृपा’ अशी पाटी ठोकली. काढलेली चाके टेम्पो भरभरून कॅम्प चारला गेली. होतचंदभाईंनी ती घेतली आणि दुकानाचा दर्शनी भाग विटांना दिला.

“साईं, व्हीलचा धंदा बसला,” त्यांनी चौबळांना फोनवर सांगितले. “वीट पाहिजे तर सांगा. तुमच्यासाठी सँपल ठेवतो.”

एकतीस जानेवारीला चैत्राली प्रमाणपत्र घेऊन आली. कडक कागद, गोल शिक्का. ‘तळमजला, दोन आसनी, निवासी.’ खाली एक अट : बांधकाम जागेवरून हलल्यास मंजुरी कायमची रद्द.

तिने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “काका, एक सांगू? तुमची सही व्हायची आहे अजून. ती चार चाकं खाली आणा, लावा आणि काकूंना घेऊन जा. मी शेरा मारते, ‘जागेवर बांधकाम आढळले नाही’. नोटीस आपोआप संपते. कोणाचंच काही बिघडत नाही.”

कुंदाताई गाडीत होत्या. त्यांनी वाटाण्यांची सुपली बाजूला ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिले. मधे तीन दिवस होते. आकाश स्वच्छ होते. धरण जागेवर होते.

चौबळांनी प्रमाणपत्र उजेडात धरले. चारी कडा तपासल्या. शिक्का मधोमध बसला होता. अक्षरे सरळ होती. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून इतका निर्दोष नग गेला नव्हता.

“दुसरं घर आहे गं,” ते म्हणाले. “बदलापुरात. तळमजला.”

आणि त्यांनी सही केली.

दाराला धरून, पुतळाबाईंच्या खांद्यावर भार टाकून, कुंदाताई सावकाश उठल्या. पदरातली टरफले झटकली. फाटकाशी जाऊन रिक्षा थांबवली.

“काय हो, बारवीला सोडणार का? जाऊन-येऊन?”

“बसा मावशी.”

“अगं, आणि वाटाणे?” चौबळांनी विचारले.

“सोललेत. उसळ टाका. नळ आलाय ना तुमच्या घराला.”

रिक्षा गेली. तिला तीन चाके होती. तिन्हींचे आरे किती, हे कोणी मोजले नाही.

आता तुम्ही म्हणाल, काय माणूस आहे हा. आपण असतो तर त्या कागदाचा बोळा करून दहा मिनिटांत चाके चढवली असती. निश्चितच. तुमच्याबद्दल चौबळांचेही तेच मत आहे. तुम्ही हे वाचताय त्या खोलीला मंजूर नकाशात बाल्कनी म्हटले आहे की गच्ची, हे विचारायचे त्यांच्या मनातही नाही. सरकत्या काचा छानच दिसतात. फक्त त्यांचे एक छोटेसे काम आहे. कुंदाताई इस्पितळातून मंगळवारी घरी येतील, तेव्हा वॉकर घेऊन फिरायला बेडरूम मोकळी हवी. चार चाके आहेत, तेरा इंची, आठ आऱ्यांची. न वापरलेली. तुमच्या त्या बाल्कनीत, कोपऱ्यात, थोडे दिवस ठेवली तर चालेल का?