निरीक्षणाखाली नेरेइदा

लोकशाहीत माणूस खरा असून भागत नाही, त्याची सही खरी असावी लागते. माणूस काय, कुणीही असतो. (माझ्या मेहुण्यालासुद्धा माणसांतच धरतात.)

आमच्या वेनेझुएलात राष्ट्राध्यक्षांना मुदतीआधी घरी पाठवायची सोय घटनेतच आहे. पुरेशा लोकांनी सह्या केल्या की त्यावर मतदान घ्यावं लागतं. अशी सोय स्वतःच्याच विरुद्ध होऊ देणारं सरकार मनानं मोठंच म्हणायचं. ती कुणी वापरू नये, एवढीच त्याची माफक अपेक्षा होती.

माझी बायको नेरेइदा ती वापरायला गेली. मी सरकारी पक्षाचा आणि ती विरोधातली, पण दोन्ही पक्षांच्या अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, एकाच तव्यावर भाजल्या जायच्या. माझ्या पक्षाच्या लाल टोपीला ती 'सरकारी मालमत्ता' म्हणायची आणि दर रविवारी धुवून वाळत घालायची.

सह्यांच्या दिवशी आमच्या कारोरा गावात नेहमीसारखंच ऊन होतं. शाळेसमोर रांग होती. एका अर्जावर दहा ओळी, एका ओळीत एक माणूस, त्याचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, सही आणि अंगठा. शेजारची ग्रिसेल्दा चष्मा घरी विसरली होती. तिच्या मागच्या म्हाताऱ्याचा हात थरथरत होता. त्याच्या मागच्याला आपण चुकू अशी खात्री होती. नेरेइदा बकरीच्या दुधाची मिठाई करून विकायची आणि बरण्यांवरच्या चिठ्ठ्या स्वतः लिहायची, त्यामुळे तिचं अक्षर गावाला माहीत होतं.

"नेरेइदा, तूच लिही गं," ग्रिसेल्दा म्हणाली. "तुझं अक्षर कसं मोत्यासारखं."

नेरेइदानं दहाही ओळींतली नावं आणि क्रमांक लिहिले. सही आणि अंगठा ज्याचा त्यानं केला. शेवटच्या ओळीत ती स्वतः होती. घरी आली आणि निळा अंगठा माझ्या नाकासमोर नाचवून म्हणाली, "बघ तेओफिलो, तुझ्या साहेबाची गाठोडी बांधायला घे." मी टोपी घातली आणि डॉमिनो खेळायला गेलो.

मग निवडणूक आयोगानं नियम केला की एका पानावरचं अक्षर एकसारखं असेल तर ते पान संशयास्पद धरावं. हा नियम सह्या होऊन गेल्यावर केला, हे योग्यच झालं. आधी केला असता तर लोकांनी तो पाळला असता, मग आयोगाला काम काय उरलं असतं?

सह्यांचे तीन वर्ग पाडले: खऱ्या, खोट्या आणि निरीक्षणाखाली. निरीक्षणाखालची सही खोटी नसते, पण तिला खरी म्हणायला आयोगाचं मन धजत नाही. तज्ज्ञांनी एका पानाला सरासरी चाळीस सेकंद दिल्याचं कळलं. (आमच्याकडे काही लग्नं याहून लवकर ठरली आहेत, आणि टिकलीही आहेत.) विरोधक म्हणाले, अक्षर कुणाचंही असो, सही ज्याची त्याची. आमचा पक्ष म्हणाला, अक्षर एक म्हणजे माणूस एक. दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले. दोन्ही मोर्च्यांच्या पाट्या गावातल्या एकाच रंगाऱ्यानं लिहिल्या होत्या, पण त्याच्यावर कुणी संशय घेतला नाही. त्यानं पैसे आगाऊ घेतले होते.

यादी लागली त्याच आठवड्यात नेरेइदाच्या छातीत दुखलं. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "सध्या निरीक्षणाखाली ठेवू." यादीत तिच्या नावापुढेही तेच लिहिलं होतं. दोन खात्यांत एवढं एकमत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"माझी सही मोजली का रे?" तिनं विचारलं.

"निरीक्षणाखाली आहे."

"माझ्यासारखीच. मग काही खरं नाही." ती हसली आणि तिला धाप लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुला पटत नसेल तर नसू दे. पण सही माझी आहे, एवढं त्यांना सांग. मी कुणाची खोटी सही करणारी बाई नव्हे."

"सांगतो."

"टोपी काढून सांग."

नेरेइदा दोन दिवसांत निरीक्षणातून सुटली. सही सुटली नाही.

पुढे आयोगानं दुरुस्तीचे दिवस जाहीर केले. ज्याची सही निरीक्षणाखाली आहे त्यानं स्वतः हजर राहून 'ही माझीच' असं सांगायचं. न आल्यास सही बाद. म्हणजे घरी बसलेला माणूस खोटा आणि रांगेत उभा राहिलेला खरा. आमच्या देशात दूध, पीठ आणि गॅसच्या बाबतीत हे तत्त्व आधीच सिद्ध झालेलं आहे.

मी मृत्यूचा दाखला घेऊन शाळेत गेलो. ऊन होतं म्हणून टोपी होती, आणि माझ्याकडे दुसरी टोपी नाही. रांगेतल्या बायका कुजबुजल्या, "हा लाल टोपीवाला इथं कशाला कडमडला?" टेबलामागे आयोगाची लिस्बेथ नावाची मुलगी होती. तिच्या एका बाजूला विरोधकांची प्रतिनिधी म्हणून ग्रिसेल्दा, आणि दुसऱ्या बाजूला आमच्या पक्षाचा प्रतिनिधी एफ्राइन. हा माझा डॉमिनोचा भिडू.

"काका, सही कुणाची?" लिस्बेथनं विचारलं.

मी टोपी काढली. "माझ्या बायकोची. ती वारली. पण सही तिचीच आहे."

"त्यांना यावं लागेल."

"अगं पोरी, ती सही करताना जिवंत होती," ग्रिसेल्दा म्हणाली. "मी मागेच उभी होते. हा बघ, दाखला आणलाय त्यानं."

एफ्राइननं दाखला उजेडात धरला. तो वाईट माणूस नाही. पक्षानं त्याला तीन दिवस शिबिरात बसवून एकच गोष्ट शिकवली होती, आणि ती त्याला आता दिसली. "यात नाव, क्रमांक, तारीख, कारण, सगळं एकाच अक्षरात आहे," तो म्हणाला.

"आणि सही वाचता येत नाही," लिस्बेथ म्हणाली.

"डॉक्टरची आहे ती," मी सांगितलं.

"म्हणजे दाखलाही निरीक्षणाखाली."

ग्रिसेल्दानं टेबलावर हात आपटला. "म्हणजे नेरेइदा मेली नाही?"

"तसं मी म्हटलं नाही, मावशी. मेली असं सिद्ध होत नाही."

"मग जिवंत आहे, पण तिला येता येत नाही. अंथरुणावरच्या माणसांकडे तुमचं फिरतं पथक जातं ना? चला."

एफ्राइननं दाखला परत उजेडात धरला. त्यानंच काढलेल्या शंकेतून तो बाहेर कसा येणार? लिस्बेथनं पुस्तिका दोनदा चाळली. मग पेन उघडून तिनं मला विचारलं, "त्यांचा सध्याचा पत्ता?"

मी सांगितला. स्मशानभूमी, मागच्या भिंतीजवळ, काटेरी झाडाखाली.

फिरत्या पथकात घडीचं टेबल, शाईचा पॅड, अर्जाची प्रत आणि आम्ही चौघं होतो. एफ्राइननं टेबल डोक्यावर घेतलं. टेबल मांडल्यावर लिस्बेथ उभी राहिली आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं म्हणाली, "नागरिक नेरेइदा, दहाव्या ओळीतली ही सही तुमची आहे का?"

नियमानं वाजवी वेळ थांबायचं असतं. आम्ही थांबलो. पलीकडे दोन बकऱ्या कुणीतरी वाहिलेली फुलं खात होत्या. उलट उत्तर न देणं नेरेइदाच्या स्वभावात नव्हतं. एवढा वेळ गप्प राहिलेली मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो.

"हो म्हण की बाई," एफ्राइन पुटपुटला. "ऊन लागतंय."

"तू कुणाच्या बाजूचा रे?" ग्रिसेल्दानं विचारलं.

"सावलीच्या."

"नाही म्हणाल्या नाहीत," लिस्बेथ म्हणाली. "पण हो तरी कसं लिहू?"

"गप्प म्हणजे होकार," ग्रिसेल्दा म्हणाली. "लग्नात नवरीचं तसंच धरतात."

"नेरेइदाचं नाही," एफ्राइन म्हणाला. "मी होतो लग्नात. पाद्री बोलायच्या आधीच ती हो म्हणाली होती. याचंच तोंड उघडत नव्हतं."

हे खरं होतं. मी परत टोपी काढली, म्हणजे काढायला गेलो, ती आधीच हातात होती. "मी सांगतो," मी म्हटलं. "सही तिची आहे. मला ती पटत नाही. पण ती तिची आहे."

लिस्बेथनं अहवाल लिहिला. 'पथक पत्त्यावर पोहोचले. सही नाकारण्यात आली नाही. पतीने, स्वतः विरुद्ध पक्षाचा असून, सही ओळखली.' खाली तिघांची नावं आणि क्रमांक हवे होते. एफ्राइननं टेबल घडी करून उचललं होतं, माझ्या हातात टोपी होती. ग्रिसेल्दा चष्मा पुन्हा घरी विसरली होती.

"पोरी, तूच लिही गं," ती म्हणाली. "तुझं अक्षर चांगलं आहे."

लिस्बेथनं तिघांची नावं लिहिली. सह्या ज्याच्या त्यानं केल्या.

महिन्याभरानं आयोगाचं पत्र आलं. अहवालातलं अक्षर एकसारखं असल्यामुळे अहवाल निरीक्षणाखाली ठेवण्यात आला आहे.

पुढे मतदान झालं. मी कुणाला मत दिलं ते सांगणार नाही. मतावर सही नसते, म्हणून तर ते मोजता येतं.

नेरेइदाची सही आजही मान्य नाही आणि बादही नाही. तिच्या नावापुढचा शेरा कुणी खोडलेला नाही. इस्पितळानं तिला दोन दिवस निरीक्षणाखाली ठेवलं आणि सोडून दिलं. आयोगानं अजून सोडलेली नाही. सरकार निर्दय असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

तुम्हाला हसू येत असेल. पण तुमच्या जन्माची नोंद तुम्ही स्वतःच्या हातानं केली नसेल. ते पान एकदा काढून बघा. त्या दिवशी जन्मलेली सगळी पोरं एकाच कारकुनाच्या अक्षरात एकाखाली एक निजलेली आहेत, आणि सही तर एकाचीही नाही. म्हणजे तुम्ही जन्मलात हे अजून सिद्ध व्हायचं आहे. दुरुस्तीचे दिवस जाहीर झाले की स्वतः हजर राहा. आणि येताना चष्मा आणा. तुमच्यासाठी लिहून द्यायला आता नेरेइदा नाही.