मामा नेमणारे पोतनीस

कॅनडातल्या आमच्या रेजिनात मराठी मुलांना मामा लागला तर तो पोतनीस नेमतात. नुसता मामाच नव्हे. काका, आत्या, मावशी, जी जागा रिकामी असेल ती. त्यासाठी अर्जबिर्ज करावा लागत नाही. पोतनीस स्वतः घरी येतात, चहा घेतात, पोराकडे एकदा नीट बघतात आणि त्याच्या आयुष्यात कोणता नातेवाईक कमी आहे ते सांगून जातात.

आम्ही इथे आलो तेव्हा आमची मुक्ता सहा वर्षांची होती. इंडियन ग्रोसरीत कढीपत्त्याची एक मलूल जुडी हातात धरून मी घेऊ की नको करत उभी होते. मागून आवाज आला, "मराठी?" वळून बघितलं तर लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेले एक उंच, किडकिडीत गृहस्थ. दुसरा कोणी असता तर गाव विचारलं असतं, आडनाव विचारलं असतं. यांनी विचारलं, "तुम्हाला भाऊ आहे?"

"आहे की. अमरावतीला असतो."

"म्हणजे नाही," ते म्हणाले. "मुलीला मामा नाही. बघतो मी."

थंडीनं माणूस जरा सरकलाय, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण पुढच्या शनिवारी दाराची बेल वाजली. दारात एक आडदांड माणूस, अंगावर इलेक्ट्रिशियनचं जॅकेट, हातात केकचा खोका. "नमस्कार. पास्कल लोपीस, वसईचा. पोतनिसांनी पाठवलंय. मी मामा."

हे काही विकायला आलेत का, असं माझ्या नवऱ्यानं, निखिलनं, मला हळूच विचारलं. तोवर मामा बूट काढून कार्पेटवर बसलेही होते, आणि चहा होईपर्यंत मुक्ता त्यांच्या खांद्यावर होती. तेव्हापासून पास्कल मामा आमचा मामा आहे. त्याचं घर शहराबाहेर हायवेला लागून आहे, तिथे दोन कुत्री आहेत, मागे कनोलाचं, म्हणजे इथल्या तेलबियांचं, शेत आहे. मुक्ता उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे राहायला जाते आणि परत येते ती पार बिघडून येते. पोतनिसांच्या मते हे काम समाधानकारक चालू असल्याचं लक्षण आहे.

पोतनिसांची नोकरी सगळी हायवे खात्यात गेली. बर्फ पडला की कोणत्या रस्त्यावर बर्फ हटवायला कोणता स्नो प्लाऊ जाणार, हे ते ठरवायचे. रिटायर झाले, पण डोकं अजून त्याच खुर्चीत आहे. "बर्फ सगळीकडे सारखाच पडतो," ते सांगतात. "पण ज्या रस्त्याला प्लाऊ नेमलेला नसतो, तो रस्ता एप्रिलमध्ये मोकळा होतो. सूर्य करतो ते काम. तुमच्या मुलांना तुम्ही एप्रिलपर्यंत ठेवणार का?"

अंकल आणि आंटी या दोन शब्दांवर त्यांचा विशेष राग. "अंकल म्हणजे कोण? ज्याला कोणी काम सांगत नाही तो. मामाला काम आहे, काकाला काम आहे. अंकल नुसता समोसा खातो." त्यांच्यासमोर कोणी भावुक होऊन म्हणालं, की अहो, आम्ही सगळेच या मुलांवर प्रेम करतो, की ते मान हलवतात आणि म्हणतात, "प्रेम असेल हो. पण नेमणूक कुठाय?"

नेमणुकीनंतर तपासणी असते. केदार नावाच्या एका तरुण मुलाला त्यांनी आमच्या मागच्या गल्लीतल्या ओवीचा काका नेमलं होतं. काकाचं काम म्हणजे पाढे विचारणं आणि घरात जरा धाक ठेवणं. एकदा पोतनीस न सांगता गेले, तर काका बेसमेंटमध्ये पालथा पडून ओवीबरोबर व्हिडिओ गेम खेळत होता आणि हरत होता. त्याची त्याच दिवशी बदली झाली. आता तो दुसऱ्या एका घरी मामा आहे आणि तिथे त्याचं उत्तम चाललंय.

मी ओवीची आत्या. मला वाटलं, यात काय अवघड आहे? गौरीच्या जेवणाला गेले, ओवीच्या आईनं, वैशालीनं, पुरणपोळ्या केल्या होत्या, मी तोंडभर कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी पोतनिसांचा फोन.

"तुम्ही वैशालीच्या पुरणपोळीला चांगली म्हणालात?"

"चांगलीच होती हो."

"असेल. तुम्ही आत्या आहात. वहिनीच्या पुरणपोळीत आत्याला जायफळ कमी लागलं पाहिजे. पोरगी काय शिकेल? आत्या आणि मावशी यांच्यात फरकच राहायला नको का?"

पुढच्या वेळी मी वैशालीला आधी फोन करून सांगितलं आणि मग सगळ्यांदेखत कटाच्या आमटीला नाक मुरडलं. ओवी मुक्ताच्या कानात म्हणाली, "युअर मॉम इज सो मीन." पोतनीस लांबून माझ्याकडे बघून समाधानानं हसले. खोटं कशाला बोलू, मलाही मजा आली.

त्यांनी स्वतःकडे मात्र एकही जागा ठेवलेली नाही. मुलं त्यांना काका म्हणाली तर ते म्हणतात, ती जागा आहे, हाक नव्हे. त्यामुळे दहा वर्षांच्या आतली सगळी पोरं त्यांना सरळ "अहो पोतनीस" अशी हाक मारतात. अमरावतीहून आईनं व्हिडिओ कॉलवर हे ऐकलं तेव्हा तिला वाटलं, आम्ही मुलीला अगदीच वाऱ्यावर सोडलंय. पोतनिसांची मुलगी अमृता दूर पूर्वेकडे कनाटा नावाच्या गावात असते, टेलिकॉममध्ये. पोतनीसबाई थंडीचे महिने तिच्याकडे जातात. हे जात नाहीत. इथल्या नेमणुका कोण बघणार, म्हणतात. मग चार महिने एकटे राहतात, खिचडी करतात आणि लोकांच्या घरी तपासण्या करत हिंडतात.

यंदाच्या फेब्रुवारीत मुक्ताचे कान टोचायचं ठरलं. लहानपणी राहून गेले होते. वर्गातल्या मुलींचे टोचलेले बघून तिनंच हट्ट धरला, आणि दिवस जवळ आल्यावर तिलाच भीती वाटायला लागली. "कान मामाच्या मांडीवर टोचायचे असतात," पोतनिसांनी तिला सांगितलं. "तो धरून बसतो. त्याचं काम आहे ते." मुक्ता म्हणाली, "ओके. ओन्ली इफ पास्कल मामा होल्ड्स मी." मामानं फोनवर वचन दिलं.

शनिवार सकाळपासून वारा सुटला होता. समोरचं घर दिसेनासं झालं. शेजारची हरप्रीत नर्स आहे, तीच कान टोचणार होती. ती आपलं सामान घेऊन कुंपणावरूनच आली. पोतनीस दोन गल्ल्या चालत आले, मिशीवर बर्फ. मी शिरा केला होता. सगळे जमले आणि मामाचा फोन आला. "ताई, रात्री गाडीच्या इंजिनाचा हीटर प्लगला लावायचा राहिला. इंजिन दगड झालंय. टॅक्सीवाला हायवेला यायला नाही म्हणतो."

मुक्तानं कान दोन्ही हातांनी झाकून घेतले. "नो मामा, नो इअर्स."

"अगं, मी घेतो ना मांडीवर," निखिल म्हणाला. "बाप आहे मी. काय फरक पडतो?"

पोतनिसांनी शिऱ्याची बशी खाली ठेवली. "फरक पडतो," ते म्हणाले. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात गंमत नव्हती. ते उठून स्वयंपाकघरात गेले, आणि थोड्या वेळानं जुन्या खात्यातल्या कोणाशी तरी फोनवर त्यांचं सरकारी इंग्रजी ऐकू आलं. "गुड आफ्टरनून, पोतनीस स्पीकिंग. लिसन, आय हॅव अ मॅटर्नल अंकल स्ट्रँडेड ऑन द हायवे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नो, नो. नॉट सिक. नीडेड."

मी चहा टाकायला आत गेले. ते खिडकीशी उभे होते. म्हटलं, पोतनीस, एवढं काय त्यात, पुढच्या शनिवारी करू. ते बाहेरच बघत सांगायला लागले.

"अमृताचं लग्न इथेच झालं. आमच्या हिचा भाऊ यायचा होता, त्याचा व्हिसा आला नाही. सगळे म्हणाले, पोतनीस, काळजी कसली करता, आम्ही आहोत ना. आणि होतेच. चाळीसएक अंकल होते हॉलमध्ये, सूट घालून. बाहेर असाच बर्फ. अमृता कोटरूममध्ये गौरीहर पुजत बसली होती. भटजी म्हणाले, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. कोणी उठलं नाही. वाईट माणसं नव्हती हो. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणी ठरलेला असेल. भटजींनी पुन्हा सांगितलं. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात अवघडले. पोरगी तिकडे लोकांच्या ओल्या कोटांमध्ये बसून. मुलगी एकटी यायची नाही, मामा आणतो, हे मीच तिला शिकवलेलं. शेवटी हॉलची मॅनेजर बाई तिथून चालली होती. तिनं विचारलं, हनी, आर यू लॉस्ट? आणि तिनं हात धरून आणलं तिला मांडवात."

मुक्ता दारात कधी येऊन उभी राहिली होती, आम्हाला कळलं नाही.

"अमृता हसत सांगते ही गोष्ट," पोतनीस म्हणाले. "लोकही खूप हसतात."

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?" मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर वाटलं, नको होतं विचारायला.

"मी? मांडवातच. कोटरूमच्या दाराकडे पाठ करून. मलाही वाटलं, आणेल कोणीतरी."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि ओटा पुसत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि एवढी वर्षं या माणसाच्या तपासण्यांना हसल्याबद्दल वाईटही वाटत होतं.

तासाभरानं घराच्या काचा थरथरायला लागल्या. गल्लीच्या तोंडाशी पिवळे दिवे फिरवत एक अवाढव्य स्नो प्लाऊ येऊन थांबला, आणि त्यातून पास्कल मामा खाली उतरला. सगळी गल्ली खिडक्यांत आली. तो प्लाऊ हायवे साफ करत शहराकडे यायचाच होता, वाटेत मामाचं घर लागलं एवढंच, असं पोतनिसांनी निखिलला दोनदा समजावलं. शहरातली आमची गल्ली हायवे खात्याकडे कशी येते, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मामानं मांडी घातली. नऊ वर्षांची मुक्ता त्यात कशीबशी मावली, पाय बाहेर. मामानं तिच्या तोंडात गूळ घातला, तिचं डोकं छातीशी धरलं आणि स्वतःचे डोळे गच्च मिटून घेतले. "मामाजी, आँखें खोलिए," हरप्रीत म्हणाली, "आपके कान नहीं हैं." मुक्ता दोनदा "आउच" म्हणाली. मामा मात्र शिरा खाऊन होईपर्यंत नाक ओढत होता.

वारा पडल्यावर पोतनीस निघाले. निखिलनं त्यांना सोडायला गाडी बाहेर काढली. दाराजवळ आमचे सगळ्यांचे जाडजूड कोट लटकत होते, त्यांच्या खालच्या स्टुलावर बसून ते बूट चढवत होते. मुक्ता स्नो पँट घालून आली, टोपी कानांवरून जपून ओढलेली.

"अहो पोतनीस, थांबा. ड्राइव्हवे इज ऑल आइस. मी नेते तुम्हाला."

"मामाला सांग. त्याचं काम आहे ते, माणसाला हात धरून न्यायचं."

"ही इज ईटिंग," मुक्ता म्हणाली आणि तिनं हात पुढे केला. "मी नेते."

"तुला कोणी नेमलं?"

"नोबडी," मुक्ता म्हणाली. "मीच उठले."

यावर पोतनिसांपाशी नियम नव्हता. कोटांच्या खाली, एक बूट पायात आणि एक हातात, त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी दुसरा बूट घातला, उठले आणि तिच्या हातात हात दिला. बर्फावरून दोघं हळूहळू गाडीकडे गेली. ती पुढे, ते मागे.