शिकलगार साहेबांचा गैरहजर बुधवार

शिकलगार साहेब समोरच्या माणसाला आधी जगातून उठवायचे आणि मगच कामाचं बोलायचे. "तू न्हाईस असं धर," ते म्हणायचे. "मग?"

साताऱ्यातल्या आमच्या पंपांच्या कारखान्यात ते अर्थविभागाचे प्रमुख होते. विट्याजवळच्या गावातून, घरातली पहिली पदवीधर म्हणून मी तिथे नोकरीला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी हा प्रश्न टाकला. मी घाबरून म्हणाले, "साहेब, मी रोज येईन."

"रोज येणारी माणसंच कंपनी बुडवत्यात," ते म्हणाले.

एका सहकाऱ्याने त्यांना लग्नाची पत्रिका दिली, तेव्हा त्या होणाऱ्या नवऱ्यालाही त्यांनी हेच विचारलं. नवरीचा मामा शेजारी उभा होता. त्यानंतर ते आमंत्रण फारसं आग्रहाचं राहिलं नाही.

दर बुधवारी साहेब बिस्किटांच्या डब्यातून एक चिठ्ठी काढत. ज्याचं नाव निघेल त्याने फोन बंद करून घरी जायचं. प्रत्येकाने आपलं काम कसं करायचं ते एका वहीत लिहून ठेवलेलं असे; त्याचं काम दुसऱ्याने ती वही पाहून करायचं. काम अडलं तर दोष वहीचा. चहावाल्या तुकारामचीही वही होती. त्याच्या बुधवारी साहेबांनी स्वतः चहा केला आणि तो सगळ्यांना प्यावा लागला. आम्ही मागून हसायचो. मीही हसले आहे.

मग करोनाची टाळेबंदी आली. आजूबाजूच्या कंपन्यांमध्ये फायली आणायला माणसं पोलिसांची नजर चुकवून जात होती. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी सगळं घरून सुरू झालं. इतर ठिकाणचे हिशोबाचे साहेब खर्च कापत होते, तेव्हा आमच्या साहेबांनी प्रत्येकाच्या घरच्या इंटरनेटचा खर्च मंजूर केला आणि ऑफिसच्या खुर्च्या टेम्पोत भरल्या. मोठ्या मालकांना म्हणाले, "माणूस घरी बसून काम करणार, तर त्याची पाठ ही आपलीच मशिनरी हाय."

माझी खुर्ची घेऊन ते स्वतः मेढ्याला, माझ्या सासरी आले. मोबाईल हातात धरून घरभर फिरले. रेंज मिळाली ती धान्याच्या खोलीत. तिथे खुर्ची ठेवली आणि सासूबाईंना म्हणाले, "आवं वहिनी, धा ते सहा ही घरात न्हाई असं धरा."

"दिसती की डोळ्यांम्होरं," सासूबाई म्हणाल्या.

"दिसू द्या. हाक मारू नका."

नवरा फौजेत, घरात दोन म्हशी. तरी सासूबाईंनी हाक मारली नाही. माझी नोकरी टिकली ती या एका वाक्यावर.

मोठे मालक गेले आणि पुण्याहून धाकटे मालक आले. हुशार माणूस. साहेबांचे गैरहजर बुधवार त्यांनी नीट पाहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की साहेब नसले तरी काही अडत नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ते हसत म्हणाले, "काका, तुम्ही नाही असं धरून बघितलं. छान चाललंय."

साहेबही हसले. महिनाअखेरीला ते नोकरीत नव्हते.

त्यांची जागा कमी पगारात मला मिळाली. मी पेढे वाटले नाहीत, पण नकारही दिला नाही. माझ्या हाताखालचा माणूस मालकांनी काढला, बुधवार बंद झाले आणि वह्या रद्दीत गेल्या. आता कारखान्यातल्या सगळ्यांचे पगार माझ्या एकटीच्या हातून, त्याच धान्याच्या खोलीतून निघत होते.

आणि पगाराच्याच दिवशी माझ्या आईचं मिरजेला ऑपरेशन ठरलं. धाकट्या मालकांकडे सुट्टी मागितली. ते म्हणाले, लॅपटॉप घेऊन जा, आता कुठूनही काम करता येतं. आईचा हात धरू की पगार काढू, हे विचारायला मला एकच माणूस आठवला. ज्यांच्या खुर्चीवर मी बसले होते, त्यांनाच फोन केला.

"तू आईकडं जा," ते म्हणाले. पगाराच्या दिवशी पहिल्या एसटीने साहेब मेढ्याला आले आणि धान्याच्या खोलीत माझ्या लॅपटॉपसमोर बसले. बँकेचा ओटीपी मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून सांगितला. पगार वेळेवर झाले. आई शुद्धीवर आली तेव्हा मी शेजारी होते.

पुढच्या मीटिंगमध्ये धाकटे मालक म्हणाले, "बघा, माणसं कमी केली तरी काही अडलं नाही." मी कॅमेऱ्यासमोर मान हलवली.

मिरजेहून परतल्यावर सासूबाईंनी सांगितलं, काम दुपारीच संपलं होतं, पण साहेब शेवटच्या गाडीपर्यंत उठले नाहीत. मेथी निवडत बसले. बायको वारल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, म्हणून रेडिओला उत्तरं देतो, असं हसत म्हणाले. जाताना पुढच्या महिन्याच्या पगाराची तारीख विचारून गेले.

त्या तारखेला मी साहेबांना फोन केला आणि मला एकटीला जमत नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून दर महिन्याला करते, आणि ते एसटीने येतात.

"इतकी वर्सं शिकवून अजून जमंना व्हय गं?" ते रागावतात.

"न्हाई जमत, साहेब," मी म्हणते. काम मी आदल्या दिवशीच निम्मं उरकलेलं असतं.