एक्केचाळीस हजारांची खुर्ची

सोमवारी संध्याकाळी ठीक सात वाजता थोरल्याबाई आपल्या खुर्चीत बसल्या, चष्मा पुसून नाकावर ठेवला आणि टीव्ही लावला. 'तिसरा मजला, डावीकडे' या मालिकेचा चव्वेचाळिसावा भाग लागायचा होता. तो लागला नाही. त्याऐवजी नामवंत माणसं उंचावरून पाण्यात पडत होती आणि तिघं परीक्षक त्यांच्या पडण्याला गुण देत होते.

थोरल्याबाईंनी पाच मिनिटं वाट पाहिली. त्यांना वाटलं, मालिकेतलंच कुणी पडत असेल. मग त्यांनी सुनेला हाक मारली.

"सूनबाई, हे काय लावून ठेवलंय?"

"मी नाही लावलं, आई. तुमची मालिका बंद केली त्यांनी. सकाळीच बातमी होती."

"बंद केली म्हणजे? पत्र वाचायचं राहिलंय की अजून."

शुक्रवारी, त्रेचाळिसाव्या भागात, मालिकेतल्या नर्सने दाराखालून आत सरकवलेलं पाकीट उचललं होतं, उजेडात धरलं होतं, आतला कागद अर्धा बाहेर ओढला होता, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला तशीच उभी ठेवून वाहिनीने गाशा गुंडाळला होता.

एका मालिकेपायी एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याला जाऊ नसेल. थोरल्याबाईंना एक धाकटी जाऊ होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. सासूबाई गेल्यावर त्यांच्या शिलाई यंत्रावरून दोघींचं वाजलं. यंत्राचं डोकं थोरलीकडे आलं, लोखंडी पाय धाकटीकडे गेले, आणि पुढची अकरा वर्षं त्या घराण्यात ना कुणी एक बाही शिवली, ना दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या. मग एकदा ऐन मोक्याच्या प्रसंगाला धाकटीकडची वीज गेली. थोरली हीच मालिका बघते हे तिला नात्यातून कळलेलं होतं. तिने नाक मुठीत धरून फोन केला.

"जाऊबाई, डॉक्टर खरं बोलला का हो?"

"डॉक्टर कधी खरं बोलतो?" थोरल्याबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून रोज साडेसातला फोन वाजू लागला. यंत्राचं नाव कुणी काढत नसे. नर्स, डॉक्टर आणि तिसऱ्या मजल्यावरची बाकीची माणसं, एवढ्यांवरच पंधरा-वीस मिनिटं दोघी बोलत, आणि सांगायचं ते त्यांच्या आडून सांगून घेत.

सोमवारीही फोन वाजला.

"जाऊबाई, लागलीच नाही हो."

"मला काय डोळे नाहीत?"

"आता पत्रात काय होतं ते कळायचं कसं?"

"मी बघते काय ते," थोरल्याबाई म्हणाल्या. "मी थोरली कशाला आहे?"

बोलून गेल्या खऱ्या. पण रिकाम्या हाताने फोन करणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. धाकटीही काही कमी नव्हती. मोठीने 'बघते' म्हटल्यावर ती मध्ये तोंड घालायची नाही. मंगळवारी फोन वाजला नाही. बुधवारी वाजला नाही. पुढच्या सोमवारी थोरल्याबाईंनी फोन चालू आहे ना, हे सुनेला दोनदा तपासायला लावलं, आणि चपला पायांत सरकवून थेट वाहिनीचं ऑफिस गाठलं.

प्रेक्षक समाधान कक्ष तळमजल्यावर, जिन्याखाली होता. उभं राहिलं की डोकं आपटत असल्यामुळे तिथला कारकून सहसा उभा राहत नसे. त्याने बसल्याबसल्या एक अर्ज पुढे केला. त्यात तक्रारीचे तीन प्रकार छापले होते: चित्र दिसत नाही, आवाज येत नाही, दोन्ही येते परंतु नको आहे.

"मला हवं होतं ते येत नाही," थोरल्याबाई म्हणाल्या. "त्याची खूण कुठे करू?"

"तसा प्रकार अजून निर्माण झालेला नाही, आजी. आणि तुमची मालिका बंद झालेली नाही. तिला मुदतपूर्व पूर्णत्व देण्यात आलंय."

"म्हणजे बंदच केली ना?"

"पूर्ण केली. फक्त शेवट व्हायचा राहिला."

"बरं, ते तुझं तुझ्यापाशी. पत्रात काय होतं तेवढं सांग, मी चालले."

कारकुनाने एक जाड वही उलटीपालटी केली. "ते लिहिलंच गेलं नाही. आमचे लेखक आदल्या दिवशी दुसऱ्या दिवसाचं लिहितात. आणि आदल्या दिवशी त्यांना पाण्यात पडण्याच्या कार्यक्रमावर घेतलं."

"पाण्यात पडायला लेखक कशाला लागतो?"

"पडण्याआधी माणूस काय म्हणेल, ते कुणीतरी लिहायला नको?"

थोरल्याबाईंनी तोंडाशी आलेलं सगळं ओरडणं आवरून विचारलं, "का बंद केली?"

"कुणी बघत नव्हतं."

"मी बघत होते. माझी जाऊ बघत होती."

"तुमचं बघणं मोजलं जात नव्हतं, आजी. न मोजलेलं बघणं म्हणजे नुसते डोळे उघडे ठेवणं." मग त्याने समजावून सांगितलं. काही निवडक घरांत टीव्हीपाशी एक पेटी बसवलेली असते. त्या घरात जे बघतात तेच देश बघतो. एका पेटीमागे एक्केचाळीस हजार माणसं धरलेली आहेत.

"आणि पेटीवाली बाई त्या वेळी भाजी आणायला गेली असेल तर?"

"तर एक्केचाळीस हजार माणसं भाजी आणायला गेली."

थोरल्याबाईंनी मनाशी हिशेब केला. पत्र तर गेलंच होतं. लिहिलंच नाही म्हटल्यावर धाकटीला सांगायचं काय. पण पेटी घरात आली, तर पुढची मालिका कुणाची बंद करायची छाती होणार नव्हती. आणि पुढची मालिका म्हणजे पुढचा फोन.

"पेटीचा अर्ज दे," त्या म्हणाल्या.

अडचण अर्जाच्या शेवटच्या कलमात होती. पेटी फक्त सर्वसाधारण घरांनाच मिळत असे, आणि तसं लिहून द्यावं लागे: 'मी याद्वारे जाहीर करते की मी सर्व बाबतींत सर्वसाधारण असून माझी आवड, निवड व समज इतरांहून कोणत्याही प्रकारे वेगळी नाही.' थोरल्याबाई चार इयत्ताच शिकल्या होत्या, पण त्यांना आजवर कुणी सर्वसाधारण म्हटलेलं नव्हतं. लांबच्या एका नातेवाइकाने एकदा म्हटलं होतं. तो पुन्हा त्या घराकडे फिरकला नाही. अर्ज घरी आणून, पेन हातात धरून त्या पाऊण तास बसल्या. मग घड्याळात साडेसात झाले, फोन वाजला नाही, आणि त्यांनी सही केली. साक्षीदार म्हणून सुनेने सही केली. एवढंच नव्हे, तर पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून त्या कागदाची एक झेरॉक्स तिने आपल्या कपाटात ठेवली.

तीन आठवड्यांनी पेटीवाला आला. पेटी पावाएवढी होती, तिला हिरवा दिवा होता, आणि घरातल्या प्रत्येक माणसाचं एक बटण होतं. पहिलं बटण थोरल्याबाईंचं.

"बसलात की दाबायचं, उठलात की दाबायचं," पेटीवाला म्हणाला. "आणि पेटी आहे हे कुणाला सांगायचं नाही. नातेवाइकांना तर मुळीच नाही. इथे सही करा."

"मला डुलकी लागली तर?"

"दिवा लागलेला असेल तर एक्केचाळीस हजार माणसं मन लावून बघताहेत."

थोरल्याबाईंनी बसून बघितलं, उठून बघितलं. खुर्ची तीच होती, पण आता कुरकुरायची जरा जपून.

त्याच आठवड्यात धाकटीने आपण होऊन फोन केला. "जाऊबाई, त्या पत्राचं राहू द्या आता. सातला नवी लागलीय, बघताय का? दोन जावांची आहे. त्यातली थोरली तर अगदी तुमच्यासारखी आहे."

दुसऱ्या दिवशी थोरल्याबाई पावणेसातलाच बसल्या. मालिकेतली थोरली बोट नाचवून बोलत होती. दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत त्याचं उत्तर देत होती. तिच्या मते घरात तिच्याखेरीज कुणाला काही येत नव्हतं.

"सूनबाई, मी अशी आहे?"

सूनबाई स्वच्छ असलेली काच मोठ्या काळजीने पुसू लागली.

चौथ्या मिनिटाला थोरल्याबाई बटण दाबून गॅस बंद आहे का ते बघायला उठल्या. एक्केचाळीस हजार माणसं गॅस बघायला उठली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्या बसल्या, पडद्यावरच्या थोरलीकडे एकदा नीट बघितलं आणि उठल्या. बाराव्या दिवशी मालिकेला मुदतपूर्व पूर्णत्व देण्यात आलं.

साडेसातला फोन वाजला, आणि धाकटी एक तास दहा मिनिटं बोलली. सुरुवात वाहिनीपासून झाली. मग एकूणच आजकालची माणसं, मग तिचे गुडघे, मग महिन्यातून एकदा 'बरी आहेस ना' विचारून फोन ठेवणारा तिचा मुलगा. मध्येच ती म्हणाली, "तुम्हाला म्हणून सांगते, जाऊबाई," आणि जे सांगितलं ते तिने अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. थोरल्याबाईंनी चहा निवू दिला. या खेपेला 'मी बघते काय ते' असं त्या चुकूनही म्हणाल्या नाहीत.

"कोण असतील हो ही माणसं, ज्यांच्या घरी ती मोजायची पेटी असते म्हणे?" धाकटीने शेवटी विचारलं.

"असतील कुणी सर्वसाधारण," थोरल्याबाई म्हणाल्या.

"मी सोडायची नाही. उद्याच जाते त्या ऑफिसात."

"जा. जिन्याखाली बसतात. डोकं सांभाळ."

फोन ठेवल्यावर त्यांनी विचार केला. चालू मालिकेवर पंधरा-वीस मिनिटं मिळतात. बंद पडलेलीवर एक तास दहा. चार इयत्ता शिकलेल्या बाईलाही यातलं मोठं कोणतं ते कळतं.

तेव्हापासून त्यांनी पद्धत बसवली. मालिका निवडायची, पहिले पंधरा दिवस पापणी न हलवता बघायची, धाकटीचा जीव तीत अडकू द्यायचा, आणि मग उठायचं. अंध वकिलाची मालिका निकालाच्या आदल्या दिवशी गेली. दीपगृहाच्या राखणदाराची जहाज दिसताक्षणी गेली. हरवलेल्या जुळ्या बहिणी एका बाकावर पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली असती तर प्रश्नच नव्हता, पण ते बुधवारी व्हायचं होतं आणि मालिका मंगळवारी गेली. त्या रात्रीच्या जेवणाला घरात उशीर झाला, कारण फोन दीड तास चालला होता.

वाहिनीनेही परिस्थितीचा सखोल अभ्यास केला. शेवट लिहिणाऱ्या लेखकांचं पद रद्द करण्यात आलं. समाधान कक्षात तक्रारीचा चौथा प्रकार निर्माण झाला, आणि तक्रारीच्या फोनवर वाट बघणाऱ्यांना जाहिराती ऐकवायला सुरुवात झाली. थोड्याच दिवसांत वाहिनी बघणाऱ्यांपेक्षा तक्रारीच्या रांगेत थांबलेली माणसं जास्त भरली. वार्षिक अहवालात या रांगेचा उल्लेख 'आमचा सर्वाधिक लोकप्रिय कार्यक्रम' असा झाला.

सगळं सुरळीत चाललं असताना एक घोटाळा झाला. गुप्तहेराची एक मालिका थोरल्याबाईंना मनापासून आवडली. ती त्यांनी बंद पाडायची नाही असं ठरवलं होतं. रोज बसल्या, पाण्यालासुद्धा उठल्या नाहीत. खुनी कोण हे कळायच्या आदल्या दिवशी, नवव्या भागाला, तीही गेली. त्यांनी पेटीवाल्याला बोलावणं धाडलं.

"तुझी पेटी बिघडलीय."

त्याने पेटी उघडली, फुंकर मारली, पुन्हा लावली. "पेटी ठणठणीत आहे. ऑफिस तर तुमच्यावर खूश आहे."

"मी बसलेली असताना मालिका गेली कशी?"

"या शहरात आता दोन पेट्या आहेत, आजी. चार महिने झाले. तुम्ही नाही उठलात तर त्या उठतात. कधी तुम्ही, कधी त्या. आणि मालिका पडली की त्या संध्याकाळी दोन्ही घरांचे फोन तासभर लागत नाहीत."

"कोण बाई आहे?"

"ते सांगता येत नाही, गुप्त असतं." मग पेटीवाल्याला हसू आवरेना. "पण भारी बाई आहे. सर्वसाधारण म्हणून सही करायला तयारच होईना. म्हणे, आमच्या मोठ्या जाऊबाईंना सर्वसाधारण म्हणा, मला नको. शेवटी घड्याळाकडे बघितलं आणि केली."

पेटीवाला गेला. थोरल्याबाई बराच वेळ खुर्चीत बसून राहिल्या, दिवा न लावता.

साडेसातला फोन वाजला.

"जाऊबाई, ऐकलंत का, गुप्तहेराची पण बंद केली मेल्यांनी."

"ऐकलं."

"कसली माणसं असतात एकेक. मी म्हणते, नऊ भाग बघितलेत तर दहावा बघायला काय होतं?"

थोरल्याबाईंच्या तोंडावर शब्द आला होता. त्यांनी तो गिळला, पाय वर घेतले, पाठीला उशी लावली आणि म्हणाल्या, "जाऊ दे त्यांना. तुझे गुडघे कसे आहेत, ते सांग आधी."

आता तुमचीही एखादी मालिका ऐन रंगात असताना बंद पडली असेल. वाहिनीला लाखोली वाहिली असेल. शेजारणीला जिन्यात थांबवून सगळी गोष्ट सांगितली असेल, पत्रात काय असावं यावरून भावाशी वाद घातला असेल, कित्येक महिन्यांनी बहिणीला फोन लावला असेल. आणि एखादी मालिका अगदी शेवटपर्यंतही चालली असेल. पत्र वाचून झालं, खुनी पकडला गेला, जुळ्या बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. त्या दिवशी तुम्ही कुणाला फोन केलात? टीव्ही बंद केलात आणि आपापलं ताट वाढून घेतलंत.