भेटीस मनाई

सणसरमध्ये माणूस आजारी पडला की तो घरच्यांचा राहत नाही, गावाच्या ताब्यात जातो. ही व्यवस्था कुठल्या ग्रामसभेत मंजूर झाली हे कुणाला सांगता येत नाही. पण तिची अंमलबजावणी रस्ते आणि नळपाणी योजनेपेक्षा कितीतरी चोख आहे.

जोतीरामतात्यांना याची कल्पना नव्हती, कारण उमेदीची सगळी वर्षं ते मस्कतला एका तेल कंपनीत सुरक्षा अधिकारी होते. सारजाकाकींशी त्यांचा संसार बहुतांशी फोनवर झाला. निवृत्त होऊन तात्या घरी आले, दोघं एका छपराखाली राहायला लागली आणि काकींना कॅन्सर निघाला. तेव्हापासून तात्या पाणी उकळतात, दाराच्या कड्या पुसतात, मऊ भात शिजवतात आणि काकींना बारामतीला केमोसाठी नेतात.

तिसरी केमो सोमवारी होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पांढऱ्या पेशी फार कमी झाल्यात. साधी सर्दीसुद्धा बाधेल. ताप आला तर केमो पुढं ढकलावी लागेल आणि आता ते परवडणारं नाही. माणसं लांब ठेवा."

माणसं लांब राहत नव्हती. शेजारच्या कुशाबाई खोकत खोकत येत, काकींचा हात हातात घेत आणि याच आजारानं गेलेल्या आपल्या नणंदेची शेवटची अवस्था सविस्तर सांगून धीर देत. चहा काकींनाच करावा लागे. एकदा तात्यांनी केला, तर बायका एकमेकींकडे बघून डोळ्याला पदर लावू लागल्या.

मग तात्यांनी आपला जुना उपाय काढला. मस्कतला बोर्ड लावला की माणूस जागच्या जागी थांबे. त्यांनी पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत लिहिलं, 'रुग्णास विश्रांतीची गरज आहे. भेटीस मनाई.' आणि पत्रा फाटकाला बांधला.

"अहो, हे मस्कत न्हाय," काकी म्हणाल्या.

"लोकांना वाचता येतं ना?"

"त्याचंच भ्या हाय."

लोकांनी वाचलं. "मनाई केली म्हंजी डाक्टरनं हात टेकले," असं कुशाबाईंनी निदान केलं आणि ते गावानं एकमतानं स्वीकारलं. संध्याकाळपर्यंत नरसिंहपूरहून काकींच्या माहेरची माणसं टेम्पो भरून शेवटचं तोंड बघायला आली. काकींचे चुलतभाऊ आबाजी नाक शिंकरत त्यांच्या उशाशीच बसले.

"आबाजी, भायेर बोर्ड हाय," तात्या म्हणाले.

"वाचला की. म्हणून तर उसाची तोडणी अर्धी टाकून आलो. परकी माणसं आत घीऊ नका, तात्या. कोण अंगावर काय घीऊन येतंय, सांगता येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी तात्यांनी बोर्ड काढून टाकला. दुपारी फ्लेक्सवाल्या सद्दामचा फोन आला.

"तात्या, काकींचा एक फोटू पाठवा. हसरा नको."

"कशाला?"

"चेअरमनसायबांनी सांगितलंय, चौकात लावायचाय. बोर्ड काढल्याचं कळलं. लय वाईट झालं बघा."

तात्यांचा फोन कानालाच होता, तोवर सोसायटीचे चेअरमन विजयसिंहदादा चार माणसांसह मान खाली घालून अंगणात आले. दार काकींनीच उघडलं.

"या दादा. च्या टाकू का?"

मंडळी किंचित नाराज झाली. कामधाम सोडून आली होती. दादांनी मात्र प्रसंग सावरला. "काकी हायेत, ही आनंदाची बाब हाय," असं त्यांनी वार्षिक सभेच्या सुरात जाहीर केलं. कुणी हरकत घेतली नाही. गैरसमज पसरू नये म्हणून वाड्यावस्त्यांवरच्या सर्वांनी समक्ष येऊन खात्री करून घ्यावी, असंही ठरलं. फ्लेक्सवर श्रद्धांजलीच्या जागी 'लवकर बऱ्या व्हा' आलं. दादांचा हात जोडलेला फोटो दोन्हीला चालत होता.

रविवारभर खात्री चालली. सोमवारी काकींना ताप भरला.

बारामतीत डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, केमो पुढं ढकलली आणि कडक आवाजात विचारलं, "घरी कोण कोण आलं होतं?"

तात्या तोंड उघडणार, तोच काकी म्हणाल्या, "कुणी न्हाय, डाक्टर. घरचीच माणसं."

गाडीत बसल्यावर तात्यांचा संताप बाहेर पडला. "खोटं का बोललीस?"

"तुमी तिकडं हुता तवा हीच माणसं माझ्या दारात हुती," काकी डोळे मिटून म्हणाल्या. "आन् उद्या मी नसले तर तुमच्या दारात कोण यील?"

केमो पुढं गेल्याची बातमी त्यांच्या आधी सणसरला पोचली होती. फाटकापासून ओट्यापर्यंत चपलाच चपला होत्या.

हे वाचून तुम्हालाही काकींची काळजी वाटली असेल. तुमचं अर्थात वेगळं आहे. तुम्ही शिकलेले आहात. मास्क लावून जाल, लांब बसाल, चहा नको म्हणाल. तुम्हाला फक्त गुळवेलीच्या काढ्याचा तो व्हिडिओ दाखवायचा आहे, आणि असल्या गोष्टी फोनवर पाठवण्यापेक्षा समक्ष गेलेलं बरं दिसतं.