पाय न घसरणारे घर

बाबा न्हाणीघरात घसरले, पण पडले नाहीत. नळाला धरून तसेच उभे राहिले आणि सुनेला हाक मारून म्हणाले, "नळ वाकलाय गं, जरा बघ." नळ खरोखरच वाकला होता. बाबांना काही झाले नव्हते. पण संध्याकाळी चिरंजीव कामावरून आले, त्यांनी तो वाकडा नळ पाहिला आणि हातपाय धुवायच्या आत साऱ्या घराची फरशी बदलायचे ठरवून टाकले.

याला कारण त्यांची नोकरी. विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासण्याचे काम ते बावीस वर्षे करत होते. माणसे कशी पडतात हे रोज आठ तास वाचायचे आणि शेवटी सही करायची. पडलेला माणूस पाहिला की इतरांना वाईट वाटते. यांची नजर आधी फरशीवर जायची. घरात त्यांना 'तपासनीस' हे नाव बायकोने ठेवले होते. ठेवले तेव्हा ती चिडलेली होती, पण नाव इतके चपखल होते की पुढे राग गेला आणि नाव राहिले.

सगळ्या घराला एकच फरशी घालणे हा शुद्ध अडाणीपणा आहे, असे तपासनिसांचे म्हणणे होते. प्रत्येक खोलीची माणसाला पाडण्याची तऱ्हा वेगळी असते. स्वयंपाकघर तेलाने पाडते, न्हाणीघर साबणाने, बैठकीची खोली धुळीने आणि झोपायची खोली अर्धवट झोपेने. तेव्हा प्रत्येक खोलीला तिची तिची फरशी हवी. बाबांनी हे सगळे ऐकून घेतले आणि न्हाणीघरात एक जाड पायपुसणे टाकले तर भागेल, असे सुचवले. पायपुसण्यावरून घसरलेल्यांची संख्या तपासनिसांना पाठ होती. ती त्यांनी सांगितली. बाबांनी पायपुसण्याचा विषय सोडला.

काम चालू असेपर्यंत बाबांनी लेकीकडे राहायचे ठरले. लेकीचे घर दोन रस्ते पलीकडे. जावई शिंपी, पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. बाबांचे आणि जावयाचे भांडण कधीच झाले नव्हते, कारण त्यासाठी बोलावे लागते. एकोणीस वर्षांत दोघांमध्ये 'बसा' आणि 'निघतो' यापलीकडे संभाषण गेले नव्हते. शिवाय त्या घरची फरशी अशी चकचकीत, की उभ्या माणसाला खाली स्वतःचे तोंड दिसावे. फरशीचा एक दुकानदार उरलेला माल स्वस्तात काढत होता, तेव्हा जावयाने ती घेतली होती. तपासनिसांनी एकदा म्हटलेही होते, "भावोजी, ही फरशी नाही, आरसा आहे." त्यावर जावई समाधानाने म्हणाला होता, "हो ना. सुई पडली की लगेच दिसते."

अशा घरात बाबांना पाठवणे तपासनिसांच्या जिवावर आले होते. पण प्रश्न पंधरा दिवसांचाच होता. बाबांनी निघताना दोनदा विचारले, पंधराच ना. पंधराच, असे त्यांना दोनदा सांगण्यात आले.

त्यातले अकरा दिवस फरशी निवडण्यात गेले. तपासनीस रोज संध्याकाळी फरशीच्या दुकानात जात. सोबत पाण्याची बाटली, तेलाची बाटली, साबणाची वडी आणि बाबांची जुनी काठी. प्रत्येक नमुना जमिनीवर ठेवायला लावून ते त्यावर आधी कोरड्या पायांनी, मग ओल्या पायांनी, मग मोजे घालून चालत. चौथ्या दिवशी दुकानदाराने त्यांना खुर्ची देणे बंद केले. सहाव्या दिवशी इतर गिऱ्हाइके त्यांना दुकानातला माणूस समजून भाव विचारू लागली आणि त्यांनी दोघांना दुकानातली सगळ्यात जास्त खपणारी फरशी घेऊ दिली नाही. अकराव्या दिवशी निवड झाली. न्हाणीघराला जाड, खरखरीत दगड. स्वयंपाकघराला तेल न धरणारी टाइल. बैठकीच्या खोलीला आणि बोळाला बिनचमकीची मोठी टाइल. आणि बाबांच्या खोलीला लाकडी पट्ट्या, खाली मऊ थर घालून, म्हणजे पहाटे पाय टेकवताना गार लागणार नाही. या शेवटच्या निवडीवर तपासनीस फार खूश होते. बाबांना गार फरशी आवडत नाही हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्यांचे त्यांनाच सुचले होते.

फरशी बसवायला आलेला मिस्त्री वयस्कर होता. त्याने माल पाहिला, कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली आणि म्हणाला, "साहेब, प्रत्येकाची जाडी वेगळी आहे."

"जाडीने कुणी घसरत नाही," तपासनीस म्हणाले.

कोणतीही गोष्ट गिऱ्हाइकाला एकदाच सांगायची, हे मिस्त्री तीस वर्षांत शिकला होता. त्याने कामाला सुरुवात केली.

सव्विसाव्या दिवशी सगळ्या खोल्या झाल्या. बाबांना दाखवायला फोटो काढावेत म्हणून तपासनीस बोळातून बाबांच्या खोलीत मागे मागे सरकत गेले. खोलीच्या दारात दोन बोटांची पायरी तयार झाली होती. तिला टाच लागली आणि ते नव्या लाकडी पट्ट्यांवर कोपरावर आदळले.

दवाखान्यात हात प्लास्टरमध्ये गेला. मग बायकोने विचारले, "घसरलात?"

"घसरलो नाही. अडखळलो."

"बरं. म्हणजे फरशी चांगली आहे."

घरी पडून राहण्याच्या दिवसांत तपासनिसांनी हिशेब केला. बाबांच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आता दोन पायऱ्या होत्या. एक उतरायची, एक चढायची, आणि येताना उलटे. काठी टेकणाऱ्या माणसाला दिवसातून आठ वेळा. त्यांनी पाच खोल्यांचा विचार केला होता. दारांचा केला नव्हता. आणि त्यांच्या बावीस वर्षांच्या फायलींमधली निम्मी माणसे दारात पडली होती; पण त्यांचा रकाना वेगळा होता आणि फरशी निवडताना तपासनिसांनी घसरलेल्यांचाच रकाना समोर ठेवला होता. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की प्लास्टरचा हात दुखायचाही थांबला.

त्यांचा स्वतःचा विम्याचा दावा शेजारच्या टेबलावर गेला. सहकाऱ्याने तो आठवडाभर नीट अभ्यासला आणि नाकारला. शेरा होता, 'धोका दावेदाराने स्वतःच निर्माण केला.' वाक्य तपासनिसांचेच होते. नव्या माणसांना शिकवताना ते हेच उदाहरण म्हणून देत.

आता पायऱ्या घालवणे आले. न्हाणीघर बोळापेक्षा उंच झाले होते, त्यामुळे आंघोळीचे पाणी बोळात यायचे. म्हणून बोळ उचलला. बोळ उचलल्यावर बाहेरचा दरवाजा आत उघडेना. सुतार आला, त्याने दरवाजा खालून रंधून कमी केला. त्यामुळे दरवाजा उघडू लागला, पण बोळासमोर बाबांची खोली आता खड्ड्यात गेली. ती उचलायची तर लाकडी पट्ट्या काढणे भाग. काढताना निम्म्या पट्ट्यांची टोके मोडली आणि तो रंग कंपनीने बंद केल्याचे दुकानदाराने कळवले. ते कळवताना त्याचा आवाज फारसा दुःखी नव्हता. दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या यायला दीड महिना. मिस्त्रीने मध्येच दुसरे काम धरले, त्याचे वीस दिवस. या सगळ्यात मिस्त्री एकदाही 'मी सांगितलं होतं' असे म्हणाला नाही, आणि तपासनिसांना तेच जास्त लागले.

बाबा सुरुवातीला रोज फोन करून विचारत, झाली का फरशी. मग एक दिवसाआड. मग तपासनिसांनी फोन केला तरच. तिसऱ्या महिन्यात फरशीचा विषय मुलगाच काढू लागला. चौथ्या महिन्यात बाबा म्हणाले, "घाई करू नकोस. नीट होऊ दे." बाबा किती समजूतदार आहेत, असे तपासनिसांना वाटले. ते बायकोला तसे म्हणालेही. बायकोने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले.

आधी ते दर रविवारी बाबांना भेटायला जात. पण मिस्त्रीला रविवारच मोकळा असे, आणि शिवाय प्रत्येक वेळी 'अजून आठ दिवस' हे तोंडाने सांगायचे त्यांच्या जिवावर येई. काम पुरे झाल्याशिवाय जायचेच नाही, असे त्यांनी ठरवले. तेव्हा तो निर्धार वाटला होता.

पाचव्या महिन्यात काम पुरे झाले. तपासनिसांनी बाबांच्या पलंगापाशी एक गोटी ठेवली. ती जागची हलली नाही. प्रत्येक दारात ठेवली, हलली नाही. फक्त न्हाणीघरात ती मोरीकडे गेली, आणि तिने तिकडेच जाणे अपेक्षित होते. मग ते बाबांना आणायला निघाले.

बहिणीकडे बाबा आतल्या खोलीत खुर्चीत बसले होते. मुलाला पाहून त्यांनी काठी घेतली आणि उठू लागले. त्याबरोबर बाहेरचे शिवणयंत्र थांबले, गळ्यात टेप घेऊन जावई आत आला आणि त्याने बाबांचा दंड धरला. दोघे त्या आरशावरून पाऊल पाऊल टाकत निघाले. बाबा जावयाला सांगत होते की पहिल्या नोकरीच्या वेळी त्यांच्याकडे सदरा एकच होता आणि कॉलर विरली की ते ती उलटून घेत. जावयाने विचारले, कॉलर उलटली कुणी? बाबा म्हणाले, स्वतःच. आईला सांगायची लाज वाटायची. हे तपासनिसांना ठाऊक नव्हते. खुर्ची ते दार अंतर अकरा पावलांचे होते आणि त्याला चांगली पाच मिनिटे लागली.

"पहिल्याच दिवशी घसरता घसरता वाचले बघ, दादा," बहीण म्हणाली. "तेव्हापासून हे त्यांना एकटं सोडत नाहीत. दिवसातून दहा फेऱ्या होतात. मग गिऱ्हाईक बसून राहतं, पण यांच्या गप्पा संपत नाहीत."

तपासनीस त्या फरशीकडे बघत राहिले. बावीस वर्षांत इतकी धोकादायक फरशी त्यांनी पाहिली नव्हती. आणि पाच महिन्यांत तिच्यावर कुणी पडले नव्हते.

घरी आल्यावर बाबा सगळीकडे फिरले. खोली, बोळ, न्हाणीघर, स्वयंपाकघर, परत खोली. काठीचा आवाज एकसारखा येत होता. दार कुठे आले ते कानाला कळत नव्हते. बाबा म्हणाले, छान झाले आहे, आणि पायालाही गार लागत नाही. सून समाधानाने आपल्या कामाला लागली. तपासनिसांनी बऱ्याच दिवसांनी निर्धास्तपणे फाइल उघडली.

बाबा दोन तासांत सहा वेळा न्हाणीघरापर्यंत जाऊन आले. तपासनिसांना आधी काळजी वाटली, डॉक्टरांना विचारावे असेही मनात आले. मग त्यांच्या लक्षात आले की बाबा आत जातच नाहीत. बोळातून सावकाश जातात, दारापाशी थोडे थांबतात, इकडेतिकडे बघतात आणि परत येतात. वाटेत त्यांना कुणी भेटत नव्हते. भेटायचे कुणाला काही कारणच नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा पिशवी भरून बैठकीच्या खोलीत आले. म्हणाले, "चार दिवस तिकडे जाऊन येतो. जावईबापूंना एक गोष्ट सांगायची अर्धी राहिलीय."

कोणती, असे विचारायचे तपासनिसांच्या ओठांवर आले. पण तो प्रश्न चालता चालता विचारायचा असतो, हे आता त्यांना कळले होते. ते फाइल मिटून उठले आणि बाबांच्या जवळ गेले.

"चला," ते म्हणाले, "दारापर्यंत हात धरतो."

बाबांनी पुढे आलेल्या हाताकडे पाहिले, मग खाली पाहिले.

"इथे कशाला?" ते म्हणाले. "इथली फरशी चांगली आहे."

आणि काठी टेकत, कुठेही न अडखळता, ते दाराबाहेर गेले.